स्वानंदीच्या नोकरीला माझा हातभार

जयनगर, बंगळूर
नवरात्राच्या आधीचा शनिवार

तीर्थस्वरूप हरीअण्णास धाकट्या अलकाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, प्रत्यक्षात गुडघे परवानगी देत नाहीत.)

पाकीट पाहून दचकू नकोस. मी आणि तुझी स्वानंदी दोघीही धडधाकट आहोत. वहिनीचा मोतीबिंदू पिकला का, की डॉक्टर अजून 'बघू'च म्हणतात? तुझी सकाळची फेरी चालू आहे ना? की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन पेपर वाचून परत येणं म्हणजेच फेरी? इथली हवा छान आहे, पण हल्ली बंगळुरात हवा छान आहे असं मोठ्याने म्हणायची सोय नाही, घरमालक ऐकतात आणि भाडं वाढवतात. बाकी, वर तीर्थस्वरूप लिहिलं असलं तरी पुढे मी तुला 'तू'च म्हणणार आहे. 'तुम्ही' म्हटलं की मला वाटतं, मी ऑफिसचं पत्र टाइप करते आहे.

पत्राचं कारण तुला माहीत आहे. एम.कॉम.चा निकाल लागला तेव्हा तू तुझ्या लेकीला बजावलंस, की दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर बंगळूर, नाही तर दसऱ्याला बेळगाव आणि दुकानाची गादी. ती 'हो अप्पा' म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही. (हे तुला सांगू नको म्हणाली होती, पण मी जे सांगणार आहे त्यापुढे हे काहीच नाही.) तर या नोकरीच्या शोधात मी काय काय हातभार लावला ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तिच्या कॉलेजात करिअर मार्गदर्शन केंद्र आहे. आपल्या वेळी असलं काही नव्हतं. आपल्या वेळी मार्गदर्शन म्हणजे मामा. आठवतं? मामा आले, तुझ्याकडे बघून म्हणाले, हा दुकानात बसेल. माझ्याकडे बघून म्हणाले, हिचं इंग्रजी बरं आहे, हिला टायपिंग लावा. दोन वाक्यांत दोन आयुष्यं मार्गी लागली आणि मामांचा चहा अजून गार व्हायचा होता. त्या टायपिंगवर मी सरकारी कारखान्यात जन्म काढला, आणि खरं सांगते, वाईट गेला नाही. आताचं केंद्र म्हणजे जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे कॅरम खेळायचे, अजून भिंतीवर पावडरीचे हात आहेत. तिथले नागराज सर वयाने माझ्या मुलाएवढे, म्हणजे मी लग्न केलं असतं आणि मुलगा झाला असता तर. फार गोड माणूस. स्वानंदी डबा विसरली म्हणून मी तो द्यायला गेले आणि त्यांच्याशी चार वाक्यं इंग्रजीत बोलले, तर म्हणाले, "मेडम, तुमचं इंग्लिश रेडिओवरच्या जुन्या बातम्यांसारखं आहे. मुलांना मुलाखतीचा सराव द्याल का?" त्यांचं वाक्य संपायच्या आत मी खुर्ची ओढून बसले होते. मध्ये बोलायचं नाही हे आपल्याला शाळेत सिस्टर बर्नाडेटनी शिकवलं होतं; पण वाक्य संपायच्या आत बसायचं नाही असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.

आधी अर्जाचं घे. स्वानंदीसाठी मी अर्ज लिहिला तो आपल्या शाळेत शिकवला होता तसा, सुरुवातीला नम्र विनंती आणि शेवटी 'आपली अत्यंत आज्ञाधारक'. नागराज सरांनी तो संगणकात घातला. हल्ली माणसाच्या आधी यंत्र अर्ज वाचतं आणि शंभरापैकी गुण देतं. आपल्याला अकरा मिळाले. (तुला गणितात एकदा नऊ होते, तेव्हा आपल्या वडिलांनी काय केलं होतं आठवतं? मी मात्र यंत्राला काही बोलले नाही.) सर म्हणाले, मेडम, ते शब्द शोधतं. पुढाकार, नेतृत्व, असले. आज्ञाधारक शोधत नाही. मग रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही दोघी पुन्हा लिहायला बसलो. स्वानंदी म्हणाली, "आत्या, गॅदरिंगचा हिशेब मी बघितला होता ना, तिथे लिही, आर्थिक व्यवस्थापनाचं नेतृत्व केलं."

"नेतृत्व? तुझ्या हाताखाली कोण होतं?"

"कॅल्क्युलेटर."

मला ते लिहवेना. आपल्या घरात 'मी' म्हणून वाक्याची सुरुवात केली की आई लाटणं थांबवून नुसती बघायची, आणि शाळेत स्वतःची स्तुती म्हणजे जवळजवळ पापच. या पोरांना मात्र प्रत्येक ओळ 'मी'नेच सुरू करावी लागते. शेवटी तिनेच लिहिलं, आणि मी शेजारी बसून भेंडी चिरली.

आता मुलाखतीचा सराव. सहा मुलं होती, त्यांत आपली स्वानंदी, हुबळीचा एक चंदन, निपाणीची यशश्री, बाकीची इथलीच. सगळी हुशार, पण घाबरली की अर्धं वाक्य गिळायची. मी त्यांना वाक्य पुरं करायला शिकवलं, रुमाल खिशात ठेवायला शिकवलं, समोरच्याचं नाव ऐकून लक्षात ठेवायला शिकवलं. आणि दोन नियम अगदी घोटून घेतले. मोठं माणूस खोलीत आलं की उठून उभं राहायचं. आणि 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही. (तू हसतो आहेस. मी दूधवाला आला तरी उभी राहायचे, म्हणून तू मला चिडवायचास. पण अण्णा, त्या दूधवाल्याने आपल्याला कधी पाणी घातलेलं दूध दिलं नाही.) मुलं इतकी छान उठायची! मी दारातून आत आले की सहाच्या सहा एकदम उभी. एवढा मान मला कारखान्यात निरोपसमारंभालाही मिळाला नव्हता.

चूक एवढीच झाली, की पहिली मुलाखत खोलीत नव्हती, संगणकावर होती. ज्याने त्याने आपापल्या घरी बसायचं आणि कंपनीचे तीन अधिकारी पडद्यावर येणार. घरी बसायचं म्हटल्यावर मुलांनी जेवढं दिसणार तेवढेच चांगले कपडे घातले. स्वानंदीने वर माझा निळा कोट आणि खाली झोपायचा पायजमा, त्यावर मेंढ्या. चंदनने वर टाय आणि खाली अननसांची हाफ पँट. पहिले अधिकारी पडद्यावर आले. मुलं उभी राहिली. उभं राहिल्यावर, अण्णा, संगणकात डोकं दिसत नाही. दिसतं ते पोट आणि त्याच्या खालचं. बरं, तिघे अधिकारी एकदम येतील तर शपथ. एकेक जण आला, आणि प्रत्येक वेळी ही मुलं बसल्यासारखी करून पुन्हा ताडकन उभी. आमच्या स्वानंदीच्या संगणकाचा तर आवाजच अडकला होता. ते बिचारे 'बसा, बसा' म्हणत होते आणि तिला ऐकूच येत नव्हतं, आणि बसा म्हटल्याशिवाय बसायचं नाही हा आत्याचा नियम. मी दाराबाहेर उभी होते. (मीसुद्धा उभीच.) आवाज आला तो थेट प्रश्नापासून, आणि तुमची बलस्थानं कोणती, या प्रश्नाचं उत्तर तुझ्या लेकीने मेंढ्यांच्या तोंडून दिलं.

सहापैकी एकालाही घेतलं नाही. कंपनीच्या बाईंनी नागराज सरांना विचारलं म्हणे, की तुमच्याकडे ही काही धार्मिक पद्धत आहे का. सरांचा मला फोन आला, "मेडम, स्वल्प बन्नी," जरा येऊन जा. मला वाटलं आता बोलणार. बोलले नाहीत, चहा मागवला. बोलले असते तर बरं झालं असतं. चंदन म्हणाला, "मेडम, नोकरीचं जाऊ द्या, पण त्या पँटचा फोटो वर्गात फिरतोय." यशश्री म्हणाली, "मेडम, मी साडी नेसले होते, पूर्ण. मला तरी का नाही घेतलं?"

स्वानंदीने घरी येताना बाजारात कोथिंबीर घेतली, पिशवी माझ्या हातातून काढून स्वतः धरली, आणि फाटकाशी आल्यावर एवढंच म्हणाली, "आत्या, दसरा जवळ आला." रागावली असती तर मी माफी मागितली असती. ती रागावली नव्हती. त्या रात्री मीही जेवले नाही.

त्यानंतर येलहंक्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. दवाखान्यांना सामान पुरवतात. तिथे बिलं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी सांभाळायचं काम. ही मुलाखत समोरासमोर होती. मला येऊ नको असं सांगण्यात आलं. मी गेले नाही. मी फक्त त्याच बसमध्ये होते. जयनगरहून येलहंका म्हणजे अख्खं शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत जाणं, वाटेत ती मागे वळून म्हणाली, "आत्या, तिथून मान वाकडी करून बघू नकोस, इथे येऊन बस." मग शेजारी बसले. कंपनीच्या दाराबाहेर मात्र थांबले, समोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, तीन कॉफ्यांच्या आधारावर.

आत काय झालं ते तिने परतीच्या बसमध्ये सांगितलं. ती गेली तेव्हा अधिकारी आधीच बसलेले होते, त्यामुळे माझ्या शिकवणुकीचा उपद्रव झाला नाही. त्यांनी विचारलं, गिऱ्हाइकाने भरपूर माल उघडून बघितला, काही घेतलं नाही, वर कटकट केली, तर तुम्ही काय कराल? आणि अण्णा, सरावातली सगळी उत्तरं ती विसरली. म्हणाली, माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. एखाद्या बाईने ढीगभर साड्या उघडायला लावल्या आणि एकही घेतली नाही, तरी ती पायरी उतरेपर्यंत अप्पा एकाही साडीची घडी घालू देत नाहीत. समोर घडी घालायला लागलं की गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्याला जा म्हणतायत. लहानपणी मी एकदा घडी घालायला घेतली तर अप्पांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला. मीही तसंच करीन, म्हणाली. घाई करणार नाही.

त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही म्हणे. दुकान कुठे आहे तेवढं विचारलं. अख्ख्या उत्तरात 'मी' जेमतेम आणि 'अप्पा' जास्त. नागराज सरांच्या यंत्राने अकरासुद्धा दिले नसते. गेल्या आठवड्यात होकार आला. दसऱ्यानंतर रुजू व्हायचं आहे. तुझी अट पूर्ण झाली, आणि तीही तुझ्याच दुकानाच्या भांडवलावर.

आता निर्णय तुझा. अट पूर्ण झाली तरी तुला तिला न्यायचं असेल तर माझी तक्रार नाही. मी एकटी राहायला सरावलेली बाई आहे. उलट न्हाणीघर वेळेवर मिळेल, आणि फ्रिजमधलं दही जिथल्या तिथे राहील. वहिनीला नमस्कार. प्रकृतीला जप.

तुझी धाकटी,
अलका

ता. क. : येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर कुंदा पाठव. पाव किलो पुरे. (नागराज सरांनाही द्यायचा आहे, तेव्हा अर्धा. आणि चंदनला द्यायलाच हवा.)

ता. क. : केंद्राने मला काढलेलं नाही. नवीन काम दिलं आहे. मुलाखतीआधी घाबरलेल्या मुलांच्या शेजारी नुसतं बसायचं. बोलायचं नाही. यशश्री माझा हात धरून बसली होती, आणि आत गेल्यावर तिचं काम झालं. माझं मार्गदर्शन आता लागू पडायला लागलं आहे.

ता. क. : आता खरं सांगते. बेळगावच्या एका पतसंस्थेतूनही स्वानंदीला होकार आला आहे. तुला सांगितलेलं नाही, कारण ती तुला एकदम गावात येऊन चकित करणार आहे. वहिनीने फोनवर तुझा खांदा आखडल्याचं सांगितलं, तेव्हापासून तिने बेळगाव ठरवलं आहे. येलहंक्यासाठी चिकपेटेतून दोन साड्या आणल्या होत्या, त्या अजून पिशवीतच आहेत. रोज त्या पिशवीकडे बघते आणि मला विचारते, आत्या, तू काय म्हणतेस? मी काय म्हणू? राहा म्हटलं तर त्यातलं तिच्या भल्याचं किती आणि माझ्या रिकाम्या घराचं किती, हे मलाच निवडता येत नाही. म्हणून तू म्हण. खांदा बरा आहे म्हण, दुकान चालतंय म्हण, येलहंका सोडू नको म्हण. थोडं खोटं बोलावं लागेल. पण जन्मभर कापड विकलं आहेस, एवढं जमेल तुला. आणि ते न्हाणीघराचं मी लिहिलं आहे ते वाचू नकोस.

फोन तिच्याच नंबरवर कर. माझा फोन ती येताजाता स्पीकरवर लावते, आणि तू पहिल्याच वाक्यात विचारशील, 'अलके, आता खूश का?' विचारशीलच. मी ओळखते तुला.