कुंपणाकडचा पाइप

गुरुवार, १७ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद, मागितले नसलेस तरी.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. आईचं जेवण कमी झालंय, पण वयच झालं तिचं. ओल मोजायच्या यंत्राला नवी बॅटरी घेतली. सळ्या ठोकायला आता मजूर लावते. तुझ्यासारखी बडबड नसते, काम पटापट होतं.

‘बाबांना एकदा सांग, केबल मी लावली नव्हती.’ एका पानात तीनदा तेच! इतका रडका कधीपासून झालास रे?

बरं, ऐक. त्या दिवशी विहिरीपासून कुंपणापर्यंत, अंजिरांच्या ओळीने, आपण चोवीस सळ्या ठोकल्या. तू बॅटरी आणायला गेलास. उन्हाने माझं डोकं उठलं होतं, म्हणून केबल मीच लावून टाकली. केबलचा पहिला नंबर विहिरीकडच्या सळीला हवा, तो कुंपणाकडच्या सळीला लागला. सळ्यांतून वीज सोडली, मुळांशी ओल कुठे आहे त्याचं चित्र आलं, पण उलटं. विहिरीकडची ओल कुंपणाकडे दिसली. बाबांनी चित्रावर भरवसा ठेवून कुंपणाकडचं पाणी तोडलं. तिकडची माती आधीच कोरडी होती. नऊ झाडं वाळली. सगळी बाबांच्या हातची कलमं.

कुंपणाखाली लोखंडी पाइप पुरलाय, आठवतं? चित्रात तो विहिरीपाशी दिसत होता. मला त्याच संध्याकाळी दिसला. म्हटलं, चार दिवसांनी पुन्हा मोजू, गुपचूप दुरुस्त करू. मग राहूनच गेलं.

बाबांनी विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, “केबलचं काम याचं असतं.” खोटं थोडीच होतं? “मी नाही लावली,” म्हणून तू माझ्याकडे बघत राहिलास. मी पाण्याचा तांब्या उचलून आत गेले. बाबांनी तुला “चालता हो” म्हटलेलं आतून ऐकलं.

सांगणार होते रे, आईशप्पथ. रविवारी मी आजारी बाबांच्या उशाशी बसले होते. ते म्हणाले, “धाकट्याला बोलाव. माझंच चुकलं असेल.”

तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांनी माझा हात धरला होता, आणि तो सुटेल अशी भीती वाटली. मी म्हटलं, “त्याने पत्रात कबूल केलंय, बाबा.”

“मग राहू दे,” म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मंगळवारी बाबा गेले. सगळं आटोपलं. आता धावत येऊन उपयोग नाही. आईला यातलं काही कळवू नकोस. तुझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही.

शेवटपर्यंत बाबांची लाडकी,
तुझी ताई