रखमाबाईंच्या देवघरातली पिंड

सोमवार, ५ नोव्हेंबर १९५६
काय माणसं! शेजारच्या रखमाबाई सुनेला कायमची माहेरी पाठवणार. का, तर देवघरातली स्फटिकाची पिंड झिजते आहे. "सून आली तवापासून देव रोडावला. तिचाच पायगुण." सून कुंदा भाकरी थापत होती, मान वर केली नाही. तिचा नवरा महिपती चपला घालून बाहेर निघून गेला. माझं डोकंच फिरलं. स्फटिक असा झिजतो होय? कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी रोज खनिजंच तपासते. बजावून आले — रविवारपर्यंत थांबा, दगड काय आहे ते मी सांगते.

मंगळवार, ६
पिंड कुंदाच्या सासऱ्यांनी स्वतः घडवलेली. बदलापूरला विहीर खणताना काळ्या कातळात दगड सापडला होता. त्याचाच उरलेला तुकडा महिपतीने आणून दिला. बरं झालं, देवाला चरा पाडायला नको.

गुरुवार, ८
स्फटिक नव्हेच! स्फटिकाने काच कापते. याने काचेला काही झालं नाही, उलट चाकूने यालाच चरा पडला. फोडला तर तिरक्या विटांसारखे तुकडे. कागदावरची एक रेघ त्यातून दोन दिसते. कॅल्साइट — चुन्याच्या जातीचा. लिंबाचा थेंब टाकून भिंग लावलं, बारीक बुडबुडे. आंबट लागलं की हा विरघळणारच. पण देवघरात आंबट कुठून?

शनिवार, १०
उद्या पूजेच्या वेळीच जाऊन बसते.

रविवार, ११
सापडलं. ताम्हन-पळी घासताना रखमाबाई पिंडही लिंबाने चोळतात. सासरे पूजा करायचे तेव्हा नुसतं पाणी घालायचे. त्यांची नजर गेली आणि पूजा बाईंकडे आली — नेमकी कुंदाच्या लग्नाच्या वर्षी. तुकड्यावर लिंबू पिळून बुडबुडे दाखवले. बाई कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिल्या. "म्हंजे म्याच देवाला झिजवला?" रडल्या. मग कुंदाला जवळ घेतलं, "कुठं जायाचं न्हाई आता." इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

सोमवार, १२
कुंदा विहिरीवर भेटली. आभार मानेल म्हणून मी मुद्दाम रेंगाळले. तिने कळशी भरून काठावर ठेवली. मग म्हणाली, "ताई, कवा पाठवत्यात याचीच मी वाट बघत व्हते. पेटी भरून ठेवली व्हती."
सकाळीच रिकामी केली म्हणे.