पाच रिकाम्या खुर्च्या

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर धरते, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तब्येत कशी आहे? नवी कवळी बसली का, की अजून पेज पिऊनच दिवस काढतोयस?

तुझं पत्र पोचलं. ‘घरचंच प्रकरण आहे, मिटवून टाक’ म्हणे! दादा, मी दंतवैद्य परिषदेच्या तक्रार समितीची अध्यक्ष आहे, तुझ्या चिरंजीवांवर पांघरूण घालायला ठेवलेली दाई नव्हे. तरी सुनावणीला बसले, आणि व्हायची ती फजिती झालीच. तक्रार होती डोंगरावरच्या आदिवासी वस्तीतल्या एका आजींची. आपल्या पोराने त्यांची चांगली दाढ उपटली, तीही बधिर करायची सुई न देता, किडकी तशीच ठेवली, आणि वर म्हणाला, ‘तुम्हा लोकांना कुठं एवढं दुखतं!’ आम्ही नोटिशीत ‘तक्रारदाराने एकटे यावे’ असं ठणकावलं होतं. आजी अख्खी वस्ती घेऊन आल्या, कारण त्यांच्यात गाऱ्हाणं एकट्याने मांडतच नाहीत. मंडळी खाली ऐसपैस बसली आणि आम्ही पाचजण वर खुर्च्यांत, फोटो काढायला बसवल्यासारखे अवघडून.

मी घसा खाकरून नियम वाचणार, तोच आजी म्हणाल्या, आधी नाती सांगा. त्यांच्यात म्हणे न्यायाला बसणारा प्रत्येकजण दोन्ही बाजूंशी आपलं नातं सांगतो, आणि एकाच बाजूचा निघाला तर उठून तिकडे जाऊन बसतो. हात्तिच्या, एवढंच ना, म्हणून आमचे उपाध्यक्ष हसत म्हणाले की मी याचा गुरू. आजींनी बोटाने तुझ्या पोराशेजारची जागा दाखवली. गेले बापडे! दुसरे निघाले त्याच्या सासऱ्यांचे भागीदार, तिसऱ्या बाईंचा दवाखाना त्याच्याच इमारतीत (भाडंही सवलतीत), चौथे त्याला कवळ्या पुरवतात. एकेक करत सगळे पलीकडे. उरले मी. (‘तोंडओळख आहे’ म्हणावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू?) आत्या, असं म्हटलं आणि उठले. पाचही खुर्च्या रिकाम्या! दादा, मेल्याहून मेल्यासारखं झालं रे. इतकी वर्षं आम्ही ‘निःपक्षपाती चौकशी’खाली सह्या ठोकतोय, पण हा साधा प्रश्न आमच्यातल्या एकालाही सुचला नव्हता. आजी हसल्या नाहीत. ‘मग आता माझं ऐकणार कोण?’ एवढंच म्हणाल्या.

सुनावणी तहकूब झाली. नवी समिती बाहेरच्यांची हवी आणि त्यात निम्मे आजींच्या लोकांतले हवेत, यासाठी मी परिषदेशी कडाकडा भांडले. शेवटी कबूल झाले. त्या समितीत मी नाही. तेव्हा तुझं काम काही माझ्या हातून व्हायचं नाही, रागावू नकोस.

तुझी,
(अध्यक्षपदावरून उतरलेली) धाकटी

ता. क. वहिनीला सांग, पोराला बोलणी मी खाऊ घातली आहेत, तिने लाडू खाऊ घालू नयेत.

आणखी एक ता. क. ‘माझ्या हातून आजवर एकही चुकीची दाढ निघालेली नाही’ असं तो नव्या समितीपुढे सांगणार आहे. माझी दुखत होती उजवी, त्याने काढली डावी. घरचा म्हणून गिळून टाकलं. आता साक्ष द्यायला आजींच्या बाजूला बसणार आहे. तुझे तर चांगले चार दात गेले त्याच्या हाताखाली. खरं सांगायचं तर पत्र लिहिलं ते यासाठीच. तूही ये, माझ्या शेजारी जागा धरून ठेवते. मात्र कवळी नीट बसवून ये. त्या दिवशी तुझा शब्द न् शब्द ऐकू यायला हवा.