हिरानखीचं पोतं

१३ जून, केशोरी

काल गोंदियाहून बाईकडे, थोरल्या बहिणीकडे, आलो. भाऊजी गेल्यापासून पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकायला मी सुट्टीत येतोच. बाई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, सगळं एकटीच बघते. भाताच्या बांधीत चिखल करून झाला. आता बीज भिजवायचं.

बीज म्हणजे हिरानखी, वासाचं जुनं धान. भात शिजला की शेजारच्या घरात कळतं. गावात आता कोणीच लावत नाही, सगळे दुकानातली पाकिटं आणतात. फक्त बाईकडे अर्धं पोतं उरलंय. रात्रभर पाण्यात ठेवलं.

१४ जून

सकाळी पाणी काढलं. बाईची रीत जुनी : ओल्या बारदान्यात भरायचं, वर तनस, म्हणजे भाताचा पेंढा, आणि सकाळ-संध्याकाळ पोतं सोडून हाताने खालीवर करायचं. मी म्हटलं, एवढी उठाठेव कशाला? ऊब मिळाली की दाण्यातली विकरं (एन्झाइम्स) झपाट्याने कामाला लागतात, पिठाची साखर होते, त्या साखरेवर कोंब वाढतो. बारावीला हेच शिकवतो. काळं प्लास्टिक आणलं, पोतं गच्च गुंडाळलं, वर दगड.

बाई : "कायले एवढं झाकून राहिला रे? दम कोंडन त्याचा."

मी हसलो. अडाणी म्हणालो नाही, पण हसलो तसाच.

१५ जून

अर्जुनीला बँकेचं काम. निघताना बाईने पुन्हा विचारलं, "एक डाव सोडून पाहू काय?" बजावून गेलो : हात लावू नको, ऊब जाईल.

१६ जून

पोतं सोडलं. वाफ आली तोंडावर. आंबूस वास. मधले दाणे तपकिरी, चिकट. कडेच्या काहींना कोंब फुटून तिथेच करपलेले. मधे हात घातला तर चटका बसला.

मी काय म्हणालो? "बाई, बीज जुनं असेल."

लिहायचीही लाज वाटते. ती म्हणाली : "उन्हात जास्त वाळलं असन. माहीच चूक." मी मान हलवली. हो, हलवली.

१९ जून, गोंदिया

झोप लागत नाही नीट. दाणा जिवंत असतो. साखर जाळतो, श्वास घेतो, प्रत्येक दाणा थोडी उष्णता सोडतो. अर्धं पोतं दाणे, वर उन्हाळ्यासारखी झळ, आणि हवा जायला मी जागाच ठेवली नाही. बाईचे हात पोत्यात जायचे ते ही उष्णता बाहेर काढायला. तिला त्याचं नाव ठाऊक नव्हतं, एवढंच. मला नाव ठाऊक होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

२८ जून

बारावीचं पहिलं प्रॅक्टिकल. तेच, दरवर्षीचं. पिठाच्या पाण्यात आयोडीन, निळं. लाळ घातली की निळा रंग हळूहळू जातो. उकळलेली लाळ घातली की जात नाही. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, लाळ थंडी हो गई तो फिर से काम करेगी?"

नाही, म्हटलं. विकराची घडण एकदा उष्णतेने मोडली की मोडली. त्यांना वहीत लिहायला सांगून खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

३० जून

बाईचा फोन. दुकानातलं बियाणं आणून पेरलं, पऱ्हे बरे आहेत म्हणे. गावातल्या बायकांनी हिरानखीचं विचारलं तेव्हा तिने सांगितलं, "मीच करंटी, बीज राखता नाही आलं." सहज सांगत होती. फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

२ जुलै

भाऊजींची पुतणी चिचगडला दिली आहे. तिने दोन वर्षांपूर्वी बाईकडून हिरानखी नेली होती, बदल्यात तेवढंच दुसरं धान देऊन. आपल्याकडची रीतच ती, बीज कोणी विकत नाही. फोन केला. "मामा, उकडून खाल्लं जी सगळं. मडक्यात दोन-तीन ओंजळ असन." बसने गेलो, घेऊन आलो. मांडीवर धरून आणलं.

४ जुलै, केशोरी

सांगून टाकलं. बाई भाजी चिरत होती.

"बाई, बीज चांगलं होतं. मी मारलं."

"मले माहीत आहे."

विळी थांबली नाही तिची. "तू अर्जुनीले गेला ना, तवा वरून हात लावला. पोतं तापून होतं."

"मग सोडलं काऊन नाही?"

"तू सांगून गेलता. एवढा शिकला तू. मले वाटलं, माह्या हातालेच समजत नाही."

"आणि लोकांना स्वतःची चूक सांगत फिरलीस?"

"मंग तुहं नाव सांगू काय?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पाहिलं असावं. म्हणाली, "अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. उठ, बीज भिजव."

भिजवलं. मडक्यातलं किती जिवंत आहे, सांगता येत नाही.

५ जुलै

सकाळी बाईने पाणी काढलं, दाणे ओल्या फडक्यात बांधले. मला वाटलं, आता ती तिच्या रीतीने करेल, मी नुसता बघेन.

ती पुरचुंडी घेऊन माझ्यासमोर आली. "सांग, कितीक झाकू? कवा सोडू?"

म्हटलं, बाई, तू लग्नापासून हे करतेस.

"करत होती," म्हणाली. "आता भेव लागते. तूच सांग."

ती तशीच उभी राहिली, पुरचुंडी दोन्ही हातांत धरून.