निरोगी नमुन्याची कैफियत

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी निम्मी अंगं टेकली असं समजून घे). इकडे सर्व क्षेम. तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा खोकला, मोरीतला गळका नळ आणि संध्याकाळी पाय मावेनात म्हणून तू घेतलेले एक नंबर मोठे बूट, सगळं वाचलं. बुटांची पावती मात्र जपून ठेव. का ते शेवटी सांगतो. आधी मला माझं रडगाणं गायचं आहे, आणि ते ऐकून घेणारं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

मी बावीस वर्षं प्रयोगशाळेत नेमकं करतो काय, असं तू दर पत्रात विचारतेस. आमच्याकडे मूत्रपिंडाच्या गाळणीचा अभ्यास चालतो. त्या गाळणीवर काही पेशी एकमेकींच्या पायांत पाय अडकवून बसलेल्या असतात (लहानपणी आपण एका गादीवर झोपायचो तशा). मधल्या फटींतून पाणी जातं, प्रथिनं मागे राहतात. या पेशींच्या अंगावर बारीक दारं असतात. शास्त्रज्ञ त्यांना आयन चॅनेल म्हणतात, मी दारंच म्हणतो. त्यातलं एखादं वेळेवर मिटलं नाही की कॅल्शियम आत घुसत राहतं, पेशी पाय आखडून घेतात, पकड सुटते आणि प्रथिनं लघवीवाटे चालू लागतात. एवढ्याशा गोष्टीवर आमच्या प्रमुख बाईंची (वयाने माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, पण बाईच) अर्धी हयात गेली आहे आणि बाटल्या धुण्यात माझी.

आता मूळ मुद्दा. रुग्णांच्या लघवीशेजारी तुलनेला एका धडधाकट माणसाची लघवी लागते. हा मान अकरा वर्षं माझ्याकडे आहे. दर सोमवारी मी बाटली भरतो, तिच्यावर 'निरोगी' अशी चिठ्ठी चिकटवतो आणि मीच ती तपासतो. (हसू नकोस. बढती न मिळालेल्या माणसाला एवढी तरी पदवी हवी.) गेले तीन महिने मात्र या निरोगी बाटलीतल्या प्रथिनांचा आकडा चढायला लागला. बाईंना रसायनाचा संशय आला, नवा खोका उघडला. आकडा चढलाच. मग संशय बाटल्यांवर गेला. मी एकशेचाळीस बाटल्या उकळत्या पाण्यातून काढल्या आणि कंबर घालवून बसलो. मग फ्रिजवर आळ आला आणि सगळ्यांचे जेवणाचे डबे बाहेर निघाले, त्याबद्दल अख्खं खातं आजही माझ्याशी धड बोलत नाही. शेवटी यंत्र दुरुस्त करणारा आला. त्याने यंत्र उघडलं, दोनदा चहा घेतला, जोडताना एक स्क्रू उरला तो खिशात टाकला आणि यंत्र उत्तम आहे असं लिहून गेला.

उरलो मी. बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, काही दिवस दुसऱ्या कुणाला बसवू का. ताई, बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या हातांवर शंका घेतली. मग मीच टपाल नोंदवणाऱ्या बाईंच्या हातापाया पडलो आणि त्यांची बाटली मिळवली. तेच यंत्र, तेच रसायन, माझेच हात. आकडा अगदी स्वच्छ. मी इतका खूश झालो की खाली जाऊन त्यांना सांगितलं, शिपायाला सांगितलं, डबेवाल्या मंडळींना तर मुद्दाम सांगितलं. वर आलो तर प्रमुख बाईंनी स्टूल पुढे ओढून ठेवलं होतं. "बसा जरा," त्या म्हणाल्या.

तर माझ्या हातांत दोष नाही हे सिद्ध झालं. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. हात बरोबर, यंत्र बरोबर, मग चुकलं काय हे तुला केव्हाच कळलं असेल. मला स्टुलावर बसल्यावर कळलं. वर 'सर्व क्षेम' लिहिलं ते हाताच्या सवयीने. पुढे रक्तही तपासलं. माझ्या त्या दारात जन्मजात खोट आहे, ते नीट मिटत नाही. बाबांकडूनच आली असणार. प्रथिनं गळू लागली की पाय सुजतात; त्यांच्याही चपला आधी घट्ट झाल्या होत्या, आणि आपण काय केलं, तर मोठ्या आणल्या. आई जन्मभर ओरडत राहिली की या घरात बापाला नि पोरांना दार लावायची अक्कल नाही. तिला तरी काय ठाऊक.

ता. क. दुसरा. ही खोट तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे. तू घाबरू नकोस, तुझ्या वाटचं मी घाबरून घेतलं आहे. लवकर कळलं तर गोळ्यांनी दुखणं पुष्कळ लांबवता येतं. बाबांचं आपल्याला कळलंच उशिरा. सोबत एक बाटली पाठवतो आहे. उद्या सकाळची पहिली लघवी भर आणि जवळच्या तपासणीवाल्याकडे नेऊन दे. पाहुणे आहेत, नळ गळतो, भाऊजी खोकतात, यातलं काहीही सांगू नकोस. बूट परत कर.

ता. क. शेवटचा. बाटलीवर तुझं नाव लिहायला बसलो होतो. चिठ्ठी चिकटवून झाल्यावर पाहिलं, तर तिच्यावर 'निरोगी' लिहिलेलं. खोडायला पेन उचललं, पण हात चालेना. तसंच पाठवतो आहे.