धुरावर गूळ

अम्मी, माझ्या रक्तात शिसं निघालं. कॅडमियम नावाचा आणखी एक धातूही निघाला, थोडासा. परवा डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून विचारलं, बिडी ओढता? तंबाखू, मशेरी? म्हटलं, कधीच नाही. मग आईचं विचारलं. म्हटलं, फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली आणि तिनंही बिडीला कधी हात लावला नव्हता. तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "घाबरू नका. रक्तात शिसं म्हणजे कॅन्सर नव्हे. पण इतकी वर्षं कल्हईच्या धुरात बसलात, आईचं असं झालंय, खोकला हटत नाही. अकोल्याला जाऊन छातीचा स्कॅन करून घ्या, उशीर करू नका." घाबरू नका म्हणे! तेव्हापासून खोकला आला की मी तो दाबून धरते आणि घरातलं कुणी पाहिलं का ते बघते. तूही शेवटी असंच करायचीस.

मला आपलं कारंज्याचं दुकान सारखं आठवतंय. भट्टी पेटली आहे, अब्बा भाता ओढताहेत, तू तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकतेस आणि पांढरा धूर भसकन तुझ्या तोंडावर येतो. तू मान वळवत नाहीस. कथील लावून कापसाच्या बोळ्यानं गरगर फिरवतेस आणि पातेलं चांदीसारखं लखलखतं. कथील घेताना तू ते दाताखाली धरून पाहायचीस. मऊ लागलं की म्हणायचीस, शिसं घातलंय मेल्यानं. थुंकायचीस आणि तेच वापरायचीस, चोख कथील आपल्याला कुठं परवडत होतं? एक दिवस मला ठसका लागला म्हणून मी ओढणी नाकाला बांधली. समोर आसेगावची एक शेतकरीणबाई भांडी घेऊन बसली होती. घरात आपण हिंदीत बोलायचो, पण तू तिला ऐकू जावं म्हणून वऱ्हाडीत ओरडलीस, "सोड ते! तोंड बांधून बसली तं गिऱ्हाईक म्हणन, भांड्यात जहर हाय का काय!" बाई हसली, "राहू द्या न वं, लेकरू हाय." तू म्हणालीस, "लेकरू कायचं? उद्या भट्टी तिलेच पाह्याची हाय." मी ओढणी सोडली. संध्याकाळी तू माझ्या तळहातावर गुळाचा मोठा खडा ठेवलास, नेहमीपेक्षा मोठा. गूळ खाल्ला की धूर उतरतो, असं आपल्याकडे सगळेच मानायचे.

मग तुला खोकला लागला आणि आम्ही तुला गूळ दिला. खोकला वाढला, आम्ही गूळ वाढवला. नंतर टीबीची औषधं झाली. बाईमाणूस, ना बिडी ना सिगारेट, तिला फुप्फुसाचा कॅन्सर होईल असं कुणाच्या मनात यावं? कळलं तेव्हा तुला उशी लावून बसल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. मला राग येतो, अम्मी. शिसं मिसळणाऱ्यावर येतो, अब्बांवर येतो. खोटं कशाला बोलू, तुझ्यावरही येतो.

आता ऐक. माझं सासर शेलूबाजारचं, धंदा तोच, भट्टी तीच. आता लेकही माझ्या शेजारी बसते. आज सकाळी एकजण जीपमधून लग्नाच्या स्वयंपाकाच्या मोठ्या देगा घेऊन आला. लेकीनं नाकातोंडाला फडकं बांधलं होतं. तो म्हणाला, "काहून वं पोरी, तोंड कायले बांधलं? देगीत काही हाय का?" लेक माझ्याकडे बघायला लागली. तुझे शब्द जसेच्या तसे माझ्या जिभेवर आले होते. देवाशपथ सांगते, अर्धं तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं, "देगीत काही नाही, भाऊ. धुरात हाय. तो आमच्या छातीत जाते." तो म्हणाला, "मंग आमी दुसरीकडं पाह्यतो," आणि देगा पुन्हा जीपमध्ये चढवल्या. लेकीनं विचारलं, "अम्मी, काय झालं तुला?" मग मी तिला रक्ताचं सांगितलं. ती रडली नाही. भट्टीवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "उद्याच जायचं अकोल्याला. मी येते."

उद्या सकाळच्या बसनं निघतोय. स्कॅनमध्ये काय दिसेल कोण जाणे, मला फार भीती वाटतेय. हा कागद तुझ्यापर्यंत कोण नेणार? राहू दे इथंच, भांड्यांच्या फळीवर. एक मात्र तुला सांगून टाकते. पिशवीत दवाखान्याची फाइल घातली, पाण्याची बाटली घातली, आणि लेक तिकडं वळल्यावर गुळाचा एक खडाही घातला.