खुंट्या मागून येत आहेत

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा अजून पुरता वाकत नाही, तेव्हा त्यातलं एक अंग बाकी आहे असं समज.) तुझा रक्तदाब, तुझा नवा चष्मा आणि गच्चीतले गुलाब हे तिघे कसे आहेत? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. खरं म्हणजे खुशाल हा शब्द फार किरकोळ झाला. आम्ही जिंकलो आहोत! पण सगळं क्रमाने सांगतो. विजय एका ओळीत उरकायचा असता तर मी तारच केली असती.

पत्रावर नाव तुझं असलं तरी मी जगातल्या तमाम मागून चालणाऱ्यांशी बोलतो आहे. बंधुभगिनींनो, आपलं दुःख एकच आहे. पुढचे लोक डोंगरावर पोचतात, सावली धरतात, पाणी पितात, बूट काढून पायांना वारा देतात. अर्ध्या तासाने आपण धापा टाकत तिथे पोचतो, आणि आपलं डोकं झुडपामागून वर आलं रे आलं की ते उठतात, मागची माती झटकतात आणि म्हणतात, "आले का सगळे? चला!" म्हणजे ज्याला विश्रांती नको त्याला ती अर्धा तास, आणि ज्याला हवी त्याला तिचं नुसतं दर्शन. मी चार क्रांत्यांचे इतिहास वाचले आहेत, आत्या. याहून बारीक कारणांवरून राजवाडे पेटलेले आहेत.

तू तर राजवाडाही पेटवला नाहीस. त्या दिवशी तू दगडावर टेकलीस, बुटाची एक नाडी सोडलीस आणि पुढच्यांचा म्होरक्या, आपला दंतवैद्य, "चला" म्हणाला. तू त्याच्याकडे नुसतं पाहिलंस, नाडी पुन्हा बांधलीस आणि आल्या वाटेने उतरून गेलीस. दुसऱ्या दिवशी तुझी चिठ्ठी आली: "मला आता चालवत नाही. मंडळाला शुभेच्छा." अकरा वर्षांपूर्वी ज्या बाईने स्वतःच्या स्वयंपाकघरात या भटकंती मंडळाची पहिली पाटी रंगवली (आणि ओट्यावर सांडलेला हिरवा रंग अजून निघालेला नाही), तिने असं खोटं लिहावं? तुला चालवतं. तुला पळवत नाही, एवढंच.

तुझ्या जाण्याने दंतवैद्याला चेव आला. हा माणूस मनाने वाईट नाही, पण त्याला घड्याळ चावलेलं आहे. त्याने ठराव मांडला की ताशी चार किलोमीटर चालू न शकणाऱ्या सभासदांनी मंडळ 'आपणहून' सोडावं. त्या 'आपणहून'ने माझं डोकं फिरलं. लाथ मारायची आणि वर म्हणायचं, तूच उडी मारलीस! मतदान शनिवार-रविवारच्या तंबूमुक्कामात, रविवारी सकाळी चहानंतर व्हायचं ठरलं. मी डोकी मोजली. एकूण सदतीस, पुढचे वीस, मागचे सतरा. म्हणजे ठराव पास होणार, सतरा जणांची डोंगरवाट कायमची बंद होणार, आणि तुझ्या परत येण्याच्या दारावर खिळा ठोकला जाणार. तेव्हा मी उभा राहिलो आणि मुक्कामाची सगळी व्यवस्था माझ्या अंगावर घेतली. (तुला ठाऊकच आहे, मी ग्रंथालयात कामाला. दिवसाचे आठ तास लोकांना "शू" करतो. संध्याकाळी पाचनंतर मी कुठेही उभा राहिलो की मागे हटणं कठीण असतं.)

आता व्यवस्था म्हणजे काय? नऊ तंबू, सदतीस माणसं, दोन वेळचं खाणं आणि माथ्यावरच्या तळ्यापर्यंत पाच तासांची चढण. सामान पाठीवरच न्यायचं, म्हणून ते वाटायचं. मी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, फाटक्या पुस्तकांच्या टेबलावर तीन संध्याकाळ बसून यादी केली. तत्त्व एकच: ज्याचं बळ मोठं त्याचा भार मोठा. पुढच्यांकडे तंबूंची कापडं, दांडे, शेगड्या, पातेली, बटाटे, तांदूळ आणि भाजी-मासळीचे बंद डबे. मागच्यांकडे हलकं काय ते: सव्वाशे खुंट्या, त्या ठोकायची हातोडी, काडेपेट्या, चहाची पूड, साखर, मीठ, चमचे आणि डबे उघडायचं हत्यार. पुढचे खूश झाले. जड सामान म्हणजे त्यांना मानपत्रच. दंतवैद्याने दोन तंबू आणि एक शेगडी उचलून आरशात स्वतःला पाहून घेतलं.

प्रत्येकाने आपल्या वस्तूपुढे सही केली, आणि निवृत्त पोस्टमास्तरबाईंनी खाली एक ओळ वाढवली: "ज्याच्या सहीची वस्तू, त्यानेच मुक्कामी पोचवावी. वाटेत हस्तांतर नाही." बाईंनी पस्तीस वर्षं रजिस्टर पत्रं सांभाळलेली, त्यांना ते सुचणारच. त्या ओळीकडे कोणी लक्षही दिलं नाही. (जगातले सगळे मोठे बदल तळटिपेतून होतात, असं माझं जुनं मत आहे.)

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. पहिल्या दहा मिनिटांत पुढचे वीस नेहमीप्रमाणे ठिपके झाले. आम्ही सतरा आमच्या चालीने निघालो. आपल्यात "दम लागला" असं कधी म्हणत नाहीत हे तुला मी काय सांगू, "काय देखावा आहे!" म्हणायचं आणि थांबायचं. त्या दिवशी फार देखावे होते. एका ठिकाणी आमच्यातल्या शिंप्याला नुसत्या उभ्या कातळाचा देखावा पाच मिनिटं दिसत होता.

तिकडे वर काय झालं ते मला नंतर सात जणांनी सात तऱ्हांनी सांगितलं, पण सार एकच. पुढचे दुपारी एकला तळ्यावर पोचले. त्यांनी कापडं पसरली आणि खुंट्या मागितल्या. खुंट्या मागून येत होत्या. मग म्हणाले, आधी चहा करू. काडेपेटी मागून येत होती. मग म्हणाले, डबे फोडून तसंच खाऊ. ते हत्यारही मागून येत होतं. एवढ्यात तळ्यावरून वारा सुटला. नऊ तंबूंची कापडं उडू नयेत म्हणून वीस धडधाकट माणसं त्यांच्या कोपऱ्यांवर बसली, आणि कोपरे छत्तीस होते, त्यामुळे कित्येकांना आडवं व्हावं लागलं. एकाने म्हणे मासळीचा डबा दातांनी उघडायचा प्रयत्न केला आणि दंतवैद्याने त्याला तिथल्या तिथे झापलं. उपाशीपोटी, पालथे पडून, हातपाय पसरून ते सगळे वाटेकडे डोळे लावून बसले. मंडळाच्या इतिहासात पुढच्यांनी मागच्यांची वाट पाहिल्याचा हा पहिला प्रसंग. मी तिथे नव्हतो याचं मला आयुष्यभर वाईट वाटेल.

दोन वाजता दंतवैद्याला राहवेना. तो धावत खाली आला. आम्ही तेव्हा ओढ्याकाठी पाय सोडून बिस्किटं खात होतो. (बिस्किटंही हलकीच ना!) त्याने थेट खुंट्यांच्या पिशवीला हात घातला. पोस्टमास्तरबाईंनी पिशवी मांडीखाली घेतली.

"बाई, द्या हो. मी पाऊण तासात पोचवतो."

"पावती आहे का?"

"कसली पावती? वर माणसं तंबूवर पालथी पडलीयेत!"

"पडू देत. सही माझी आहे."

तो काडेपेटीकडे वळला. काडेपेट्या कोणाच्या सहीच्या होत्या? त्याच्याच बायकोच्या. सडपातळ, कमी बोलणारी, मणके दुखतात म्हणून जपून चालणारी ही बाई आठ वर्षं आपल्याबरोबर चालते आहे आणि तो आठ वर्षं पुढे. तिला आमच्यात पाहून त्याचा चेहरा असा झाला, की जणू दुसऱ्याच कोणाच्या जबड्यात आपली दाढ सापडली.

"तू एवढी मागे असतेस?"

"मग कुठे असणार? तू निघताना एकदा मागे बघतोस, की मी पिशवी उचलली का. त्यानंतर बघतोस ते थेट घरी."

"अगं, पण ताशी चार म्हणजे काही फार नाही..."

"माझं अडीच पडतं. मोजलंय मी, तुझ्याच घड्याळावर. तेव्हा उद्या मी आपणहून सोडणार. तू जात जा डोंगरावर. डबा करून देईन."

आत्या, मी अठरा पानी भाषण लिहून नेलं होतं. त्यात तीन तत्त्ववेत्ते होते. त्या बाईच्या "डबा करून देईन"समोर ते तिघे शाळकरी पोरं वाटले.

दंतवैद्याने पिशव्यांचा नाद सोडला. पळून वर जावं तर हात रिकामे, आणि वर एकोणीस माणसं विचारणार, काय आणलंस? म्हणून तो आमच्याबरोबर निघाला, आमच्या चालीने, बायकोच्या शेजारून. पहिला देखावा आला तेव्हा आम्ही सगळे थांबलो. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे आहे?" दुसऱ्या देखाव्याला त्याने काही विचारलं नाही. तिसऱ्या वळणावर बायकोचा हात कमरेवर गेला, आणि तिने तोंड उघडायच्या आत तोच मोठ्याने म्हणाला, "काय देखावा आहे!" समोर करवंदाची जाळी होती.

साडेचारला आम्ही माथ्यावर पोचलो. पालथ्या पडलेल्यांनी मान वर करून जो जयघोष केला तो मी जन्मात विसरणार नाही. आम्ही सतरा जण बसलो, सावकाश बूट काढले, पाणी प्यालो. कोणाची "चला" म्हणायची हिंमत झाली नाही, कारण ज्याच्यावर मुक्काम चालायचा ते सगळं आमच्या पिशव्यांत होतं. मग शिंप्याने हातोडी बाहेर काढली, नऊच्या नऊ तंबू उभे राहिले (एक उलटा, पण उभा), आणि चहाचं आधण पडलं. रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सगळे मेल्यासारखे झोपले.

रविवारी सकाळी मी भाषणाला उभा राहिलो. दुसऱ्या पानावर वारा आला आणि उरलेली सोळा पानं तळ्यात गेली. मी डगमगलो नाही, तोंडपाठ होतं. पण पोस्टमास्तरबाई म्हणाल्या, "अरे, चहा निवतोय. बस खाली. हात वर करा रे." ठरावाच्या बाजूने चार हात वर आले. चार! विरुद्ध तेहतीस, आणि त्यात ठराव मांडणारा दंतवैद्य स्वतः. लगेच त्याच्या बायकोने नवा ठराव मांडला: यापुढे खुंट्या आणि काडेपेटी नेहमी सर्वांत शेवटी चालणाऱ्याकडे राहतील, आणि तो पोचून बसल्यावर अर्धा तास होईपर्यंत कोणी उठणार नाही. एकमताने पास. (दंतवैद्याने दोन्ही हात वर केले होते. मी एकच मोजला.)

तब्येतीला जप. गुलाबांना माझा नमस्कार.

तुझा भाचा

ता. क. ज्याचं बळ मोठं त्याचा भार मोठा, हे तत्त्व आता मंडळाच्या पाटीवर लिहिणार आहेत. तुझ्याशी खोटं बोलवत नाही म्हणून सांगतो: यादी मी करत होतो, गुडघा माझा सुजला होता आणि मी मागच्यांत होतो. मला चमचे न्यायचे होते. बाकीचं सगळं त्या चमच्यांच्या मागोमाग आलं. हे कोणाला सांगू नकोस.

ता. क. २. शेवटून चालण्याचं हे पद कोणाला द्यायचं यावर चर्चा झाली. मी उभा राहिलो होतो. पोस्टमास्तरबाई म्हणाल्या, "याच्याकडे खुंट्या दिल्या तर हा वळणावळणावर सभा घेईल." मग तुझं नाव निघालं. कोणी काढलं म्हणतेस? पुढचं वाच.

ता. क. ३. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही. ते दंतवैद्य घेऊन आला आहे. तिच्या दाराच्या फटीतून सरकव आणि ती वाचून होईपर्यंत बाहेर थांब, असं मी त्याला बजावलं आहे. तुझं नाव त्यानेच काढलं. त्याला काहीतरी बोलायचं आहे, पण ते त्याला येत नाही. बहुधा हवापाण्याविषयी बोलेल. त्याच्या हातात सव्वाशे खुंट्यांची पिशवी आहे, आणि इतका वेळ हातात धरून उभं राहिलं की हलकी पिशवीही जड होते. पत्र एवढं का लांबवलं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. पुढच्या शनिवारचा मुक्काम ठरला आहे, आणि तू नाहीस तर एकही तंबू उभा राहणार नाही.

ऊठ आत्या. दार उघड आणि त्याच्या हातून ती पिशवी घे.